खाली काही नाही

२ मार्च १९८७, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. वही दोनशे पानी, रेघांची. पहिल्या पानावर नाव घातलं, मग खोडलं. वही कुणाच्या हाती लागली तर नाव आयतं कशाला द्या.

आजपासून मी ओपलवाला. कालपर्यंत मामाच्या खाणीत बादल्या ओढणारा भाचा होतो. आता स्वतःचा क्लेम, म्हणजे खणायला घेतलेला तुकडा. पन्नास मीटर बाय पन्नास मीटर, चार कोपऱ्यांना चार खुंट्या. टेपने तीनदा मोजून ठोकल्या. चौथ्यांदा मोजल्यावर एका बाजूला दोन सेंटिमीटर जास्त निघाले. त्याची टोचणी आहे, पण सध्या गप्प बसतो.

स्तोयान मामाने दोराने बादल्या वर ओढायचा त्याचा जुना विंच वापरायला दिला आहे. अट अशी: ३१ ऑगस्टपर्यंत रंग चमकणारा ओपलचा एक तरी दगड वर आला पाहिजे. आला तर विंच माझा आणि मी इथेच. नाही आला तर ॲडलेडला मामाच्या मावसभावाच्या दुकानात. फरशांचं दुकान. मामा हे बोलत असताना आई मान डोलावत होती, म्हणजे दोघांचं आधीच ठरलेलं. साडेआठशे किलोमीटर जाऊन लोकांच्या बाथरूमच्या फरशा मोजायच्या.

मी जाणार नाही. एक तर मी जन्मजात ओपलवाला आहे. दुसरं कारण रुझित्सा. तिला अजून सांगितलेलं नाही.

जागा कशी निवडली तेही लिहून ठेवतो, पुढे लोक विचारतील. मामाला मी सहज विचारलं, जुन्या पाण्याच्या टाकीमागच्या सपाटीवर काय आहे. मामा म्हणाला, तिथे काही नाही, भाच्या, मी स्वतः बहात्तर साली खणलंय, रिकामं आहे. इतकं ठासून म्हणाला की मी दुसऱ्याच दिवशी तिथे खुंट्या ठोकल्या.

या गावात बोललेलं उलटं वाचायचं असतं. ज्याला सापडतं तो पबमध्ये बसून कण्हतो. मानोली नावाच्या ग्रीकाने तीन वर्षं पाठ धरून सगळ्यांना ऐकवलं, पॉच, नुसता पॉच. पॉच म्हणजे ओपलचा बिनरंगी भाऊ, फेकून द्यायचा दगड. चौथ्या वर्षी मानोलीने ग्रीसमध्ये समुद्राकाठी हॉटेल घेतलं. आणि जो शीळ घालत हिंडतो त्याच्या घरी पीठ नसतं. मी शाळा नववीत सोडली, पण हा विषय मला कुणी शिकवायला नको.

संकल्प: (१) खाणीबद्दल बाहेर चकार शब्द नाही. (२) रोज आठ तास खणणं. (३) रोज रोजनिशी.

९ मार्च, सोमवार

मधले सहा दिवस राहिले. सामानाची यादी करत होतो. यादी आता पूर्ण आहे.

खाण कार्यालयात क्लेमची नोंद केली. काउंटरवर रुझित्सा. निळा शर्ट, केसांत पेन्सिल खोचलेली. दारावरच्या पाटीत स्पेलिंगची एक चूक आहे, ती मी नम्रपणे तिच्या नजरेस आणली. ती म्हणाली, पाटी साहेबांनी रंगवलीय, पण ती चूक तिला पहिल्या दिवसापासून खुपतेय. पहिल्या दिवसापासून. अख्ख्या गावात ती चूक खुपणारे आम्ही दोघेच.

मग तिने नकाशा उघडला आणि सांगितलं की त्या तुकड्यावर माझ्याआधी तिघांनी खणून सोडून दिलंय, अजून वेळ आहे, दुसरा घे. मी लगेच ओळखलं. तिचे वडील वीजघरात कामाला, घरात कुणी कधी कुदळ धरली नाही, पण इथे बसून पोरगी गावाचं बोलणं शिकली. मी डोळा मारला. तिने विचारलं, धूळ गेली का डोळ्यात.

२१ मार्च, शनिवार

खोली ४.३५ मीटर. अपेक्षित ९.

उशिराचं कारण सुरक्षितता. रोज सकाळी दोर तपासतो, शिडी तपासतो, विंचचा हूक तपासतो, मग दोर परत तपासतो, कारण हूक बघताना दोराला हात लागलेला असतो. खाली उतरल्यावर वाटतं, वर कुणी तरी गाडी मागे घेतंय आणि आता ती सरळ माझ्या डोक्यावर येणार. म्हणून वर येऊन बघतो. कुणी नसतं. आज चौदा वेळा वर आलो. प्रत्यक्ष खणणं पन्नास मिनिटं.

पलीकडच्या टेकाडावर क्लॅरी खणतो. सत्तरीचा आहे, एका डोळ्यात मोतीबिंदू, तोंडात दात सोडून सगळं. त्याने तिथून ओरडून विचारलं, "लेका, खणतोयस की शिडीचा व्यायाम चाललाय?"

उत्तर दिलं नाही. संकल्प क्रमांक एक.

१९ एप्रिल, रविवार. ईस्टर

डोंगरात कोरलेलं आमचं चर्च. फादर ॲडलेडहून आले होते. पूर्वेकडची भिंत यंदा आणखी मीटरभर आत गेली आहे. जागा अपुरी पडते म्हणे. प्रार्थनेला आम्ही एकेचाळीस जण होतो आणि अर्धं चर्च मोकळं होतं. मामा माझ्या कानात म्हणाला, देवालाही क्लेम घ्यावासा वाटला तर त्यात काय चुकलं.

नंतर अंडी फोडली. लाल रंगवलेलं आपलं अंडं दुसऱ्याच्या अंड्यावर आपटायचं, ज्याचं टिकेल त्याचं वर्ष चांगलं. रुझित्साने माझी सलग तीन फोडली. मग अंडं सोलता सोलता सहज म्हणाली, तिने ॲडलेडच्या हॉस्पिटलात नर्सिंगसाठी अर्ज केलाय. निवड झाली तर सप्टेंबरात जाईल. म्हणाली, मला इथे आयुष्य काढायचं नाही, झार्को, मला सकाळी उठल्यावर झाड दिसायला हवं.

इतकं स्पष्ट कुणी खरं बोलतं का? मी विचार केला. इथेच राहायचंय तिला, आणि मी राहणार का हे बघतेय. मी म्हणालो, जा की, झाडं चांगली असतात. ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. समजलं तिला.

१२ मे, मंगळवार

खोली ११.८०. आडवा बोगदा चालू केला. पॉच लागला. करडा, काचेसारखा, मुठीएवढा. पॉच असतो तिथे रंग असतोच. नसतो असंही म्हणतात, पण ते म्हणणारे कोण ते बघायला हवं.

एक महत्त्वाचा मुद्दा सुचला. उद्या रंग लागला तर मला कण्हावं लागेल. आजवर कधी कण्हलो नाही आणि एका सकाळी एकदम सुरू केलं तर गाव ओळखेल. म्हणून सवय आत्तापासून हवी. आरशासमोर सराव केला. पाठीला हात, खालचा ओठ बाहेर, "काही नाही रे, नुसता पॉच." आई पडद्याआडून म्हणाली, पोट बिघडलंय का, भात टाकू का.

१६ मे, शनिवार

पबमध्ये पहिला प्रयोग. उत्तम झाला.

क्लॅरीने विचारलं, काय म्हणते खाण. मी पाठीला हात लावून ग्लास खाली ठेवला, थोडा थांबलो, आणि म्हणालो, काही नाही हो, नुसता पॉच, फुकट मरतोय खाली. शेवटचे दोन शब्द आयत्या वेळी सुचले.  तिथे बसलेला लाल दाढीवाला, जो कधी कुणाकडे बघत नाही, त्याने मान वळवून माझ्या बुटांकडे पाहिलं. बुटांवर पांढरी माती होती. क्लॅरी हळूच म्हणाला, कोणत्या खोलीवर मरतोयस?

मी म्हणालो, अकरा-ऐंशी. नंतर लक्षात आलं, हे सांगायला नको होतं. पण आकडा चुकीचा सांगणं मला जमत नाही.

१८ मे, सोमवार

माझ्या उत्तरेला नव्या चार खुंट्या. लाल दाढीवाला. बाकीच्या तीन बाजूंना माणसं टेप घेऊन हिंडतायत.

१ जून, सोमवार. दुपारी १

माझ्या सभोवती अकरा क्लेम. मोजले. दोन ड्रिल, एक माती शोषून घेणारा ट्रक, आणि एक बाई उकडलेले सॉसेज विकते. क्लॅरीने आपलं टेकाड सोडून माझ्या पश्चिमेला तंबू टाकला. मी त्याला म्हणालो, खरंच काही नाही इथे. तो म्हणाला, हो रे बाबा, माझ्याकडेही चाळीस वर्षं काहीच नाही.

माझा निष्कर्ष: हे सगळे मुरलेले लोक आहेत. क्लॅरीच्या बोटांना माती कळते. असे अकरा जण उगाच येणार नाहीत. म्हणजे इथे ओपल आहे. मार्चमध्ये मला नुसता अंदाज होता, आता पुरावा आहे.

मामाने काल संध्याकाळी विचारलं, काय सांगितलंस लोकांना, तुझ्या खड्ड्याभोवती जत्रा भरलीय. मी म्हणालो, जे खरं ते, काही नाही असं. मामाने कपाळावर हात मारला आणि आईला म्हणाला, तुझ्या मुलाने खरं बोलून अकरा माणसं बुडवली.

२० जून, शनिवार

बोगदा सात मीटर. पॉच. जून म्हणजे इथे थंडी. सकाळी बोटं वळत नाहीत, म्हणून दहाला सुरुवात. दहाला माश्या येतात, म्हणून अकराला. अकराला शेजारचे स्फोट करतात, तेव्हा वर थांबणं शहाणपणाचं. जेवणानंतर खाली उतरलो तर पोटात ढवळतं. या अडचणी जमेस धरता प्रगती समाधानकारक.

संकल्प (२) बदलून रोज चार तास.

११ जुलै, शनिवार

पबमध्ये आज अकराच्या अकरा जण कण्हत होते. लाल दाढीवाल्याने टेबलावर डोकं ठेवलं. क्लॅरी म्हणाला, इतकी रिकामी जमीन आयुष्यात बघितली नाही, उंदीरसुद्धा खाली जाऊन परत आला.

म्हणजे अकराही जणांना लागलंय. माझ्याच खाली अजून नाही. दिशा चुकली असणार. उद्यापासून बोगदा नैर्ऋत्येला.

रुझित्साची निवड झाली, असं आई म्हणाली. तिची आई ब्रेड घेताना भेटली होती. ७ सप्टेंबरला हजर व्हायचंय. आई मला हे सांगताना पीठ मळत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. घरात सगळेच आता तसं बोलायला लागलेत.

२६ जुलै, रविवार. सायंकाळी ५

हा दिवस नीट लिहायला हवा.

दुपारी तीनला रुझित्सा क्लेमवर आली. स्वतः बनवलेला बुरेक, मांस भरलेली पापुद्र्यांची रोटी, आणला होता, कापडात बांधून, अजून गरम. मी वर होतो (दोर). आम्ही मातीच्या ढिगावर बसलो. आजूबाजूला रविवार म्हणून शांतता. क्लॅरी तंबूत घोरत होता.

तिने बूट काढून त्यातली रेती झाडली आणि म्हणाली, "पाच सप्टेंबरला निघतेय. शनिवारी, सकाळी सातला, घरून. गाडीत माझ्या शेजारची सीट रिकामी आहे. तुझ्या मामाने फरशांच्या दुकानाचं सांगितलंय मला. तू यावंस असं मला वाटतं."

मी कुठल्या बाजूने वाचायचं ते ठरवत होतो.

ती म्हणाली, "मला तू आवडतोस, झार्को. तू चौदा वेळा दोर तपासतोस, तेही आवडतं. हे मी एकदाच सांगणार आहे."

माझं डोकं शाबूत होतं. या गावात ज्याच्या हातात काही असतं तो ते असं उघड्यावर ठेवत नाही. आवडतोस हे कुणी तोंडावर म्हणतं? ती माझी परीक्षा घेत होती. मी तिच्यासाठी खाण सोडून पळणारा निघतो का ते बघत होती. पळालो असतो तर संपलं होतं. तेव्हा मीही गावच्या भाषेत, चेहरा अजिबात हलू न देता, उत्तर दिलं:

"तू गेलीस तरी मला काही फरक पडत नाही. तुझ्यात माझं काही अडकलेलं नाही."

इतकं पक्कं वाक्य मी जन्मात बोललो नव्हतो. तिने ते पूर्ण ऐकलं. मग बूट घातले, नाडी बांधली, बुरेकचं कापड गोळा केलं आणि उरलेला अर्धा बुरेक घेऊन गेली.

ठरलं तर. अक्षर बिघडलं. पान उद्या परत लिहीन.

८ ऑगस्ट, शनिवार

घरात खोली वाढवतोय. आमचंही घर टेकडीत कोरलेलं, म्हणून मागच्या भिंतीत खणून, ३.१० बाय २.८०. दगड फोडायचा ब्रेकर मामाचा. खाणीपेक्षा इथे प्रगती जास्त आहे, कारण इथे वर गाडी येण्याची भीती नाही. पलंगासाठी भिंतीतच ओटा ठेवला. उशाशी एक कोनाडा तिच्या पुस्तकांना, एक खाली बुटांना. बुटांचा कोनाडा रेती झाडता यावी म्हणून बाहेरच्या बाजूला उतरता केलाय. असलं कुणाला सुचणार नाही.

आई दारात येऊन उभी राहिली. कुणासाठी, विचारलं. मी म्हणालो, कोठीची खोली. तिने बुटांच्या कोनाड्याकडे बघितलं. म्हणाली, बटाट्यांचे बूट ठेवणार का.

तिच्याकडे तेरा दिवस गेलो नाही. रस्त्यात दिसली तर दुसरीकडे वळतो. फार जवळीक दाखवली तर गाव ओळखेल. तीही वळते. आमचं छान जमलंय.

२३ ऑगस्ट, रविवार

अकरापैकी नऊ जण उठून गेले. सॉसेजवालीही गेली. लाल दाढीवाला जाताना माझ्या खड्ड्यात थुंकला. इतका राग म्हणजे बराच माल घेऊन गेला.

बोगदा नैर्ऋत्येला साडेपाच मीटर. पॉच.

३० ऑगस्ट, रविवार. दुपारी ४

मामा एक दिवस आधीच आला. विंच नेण्यासाठी ट्रक आणला होता. पण लगेच उचलला नाही. शिडीने खाली उतरला, सगळा बोगदा टॉर्चने बघितला, बोटांनी भिंत चाचपली, वर आला आणि ढिगावर बसला. मीही बसलो.

मामा म्हणाला, "काम स्वच्छ केलंयस. एवढा सरळ बोगदा इथे कुणी खणला नसेल. पण भाच्या, मी तुला मार्चमध्येच सांगितलं होतं, खाली काही नाही."

मी म्हणालो, तू सांगितलंस म्हणूनच मी इथे खणलं. मग उलटं वाचायचं वगैरे सगळं सांगितलं. वहीतले मुद्देही सांगितले. तो मध्ये एकदाही हसला नाही. मला वाटलं होतं हसेल.

मग म्हणाला, "मी खोटं गावाशी बोलतो रे. घरी नाही बोलत."

 मग त्याने दुसरी गोष्ट काढली. वीजघरात रुझित्साचे वडील भेटले होते. त्यांनी विचारलं, तुमचा भाचा असा कसा, पोरगी विचारायला स्वतःहून गेली, तर हा तिला काहीबाही बोलला. महिनाभर घरात तिने नीट तोंड उघडलं नाही. मामाने मला विचारलं, काय बोललास तिला? मी शब्दशः सांगितलं. मामा उठला आणि ट्रकच्या दाराला टेकून त्याने डोळे मिटले.

फरशांच्या दुकानातली जागा अजून आहे. मावसभाऊ सोमवारपर्यंत, सात तारखेपर्यंत थांबेल. तिची गाडी शनिवारी निघतेय, असंही मामा म्हणाला, आणि विंच ट्रकवर चढवायला लागला. मी दोराचं दुसरं टोक धरलं.

जर मामा सरळ बोलला होता, तर कार्यालयात नकाशा उघडून ती सरळच बोलली. जर ते सरळ, तर ईस्टरचं सरळ. जर ते सरळ

उरलेलं उद्या.

१ सप्टेंबर, मंगळवार

वहीत दोन रकाने केले. सरळ बोलणारे आणि उलटं बोलणारे. सरळच्या रकान्यात मामा (घरी), आई, रुझित्सा, तिचे वडील, बहुधा क्लॅरीसुद्धा. उलट्याच्या रकान्यात मानोली. आणि मी, २६ जुलै, दुपारी साडेतीनच्या सुमारास.

चूक दुरुस्त होण्यासारखी आहे. घाबरायचं कारण नाही. तिला जाऊन सरळ सांगायचं. पण तोंडी बोललो की माझं काय होतं ते दिसलंच. म्हणून लिहून नेणार आणि वाचणार. आज पहिला मसुदा.

४ सप्टेंबर, शुक्रवार

मसुदा चौथा. पहिला फार लांब, त्यात खोलीचे आकडे होते. दुसऱ्यात क्षमा हा शब्द सहा वेळा. तिसऱ्यात काय सांगायचंय तेच नव्हतं. चौथा बरा आहे. बॅग भरली. टेप घेतली, फरशांना लागेल. आईने सहा उकडलेली अंडी बांधली आणि मोज्यांच्या चार जोड्या. खोलीत जाऊन कोनाडे एकदा पुसले. तिला ते बघायची गरज पडणार नाही, पण स्वच्छ असावेत.

उद्या ६.३० ला घरून निघायचं. तिचं घर चालत अकरा मिनिटांवर. एकोणीस मिनिटं हाताशी राहतात.

५ सप्टेंबर, शनिवार. सकाळी ९

५.४५ ला तयार होतो. मसुदा शेवटचा वाचला तर चौथ्या ओळीत एक शब्द दोनदा पडलेला. खाडाखोड केलेला कागद अशा वेळी कसा द्यायचा. नवा कागद घेतला. घाईत शाई सांडली. आणखी एक घेतला.

तिच्या घरी पोचलो तेव्हा ७.२५. गाडी नव्हती. जमिनीवर टायरच्या ताज्या खुणा आणि तेलाचा एक थेंब, अजून ओला. तिचे वडील पायरीवर चहा घेत बसले होते. म्हणाले, वीस मिनिटं इंजिन चालू ठेवून बसली होती. त्यांनी विचारलं होतं, का थांबलीस, तर म्हणाली, गाडी गरम होऊ दे.

शेजारच्या सीटवर क्लॅरी गेला. ॲडलेडला मोतीबिंदू काढायला. घाई करत होता म्हणे, सारखं म्हणत होता, पोरी, पेट्रोल जळतंय, चल.

तिच्या वडिलांनी बसायला सांगितलं. मी बसलो. एक अंडं त्यांना दिलं. दोघांनी एकेक खाल्लं.

फार बिघडलेलं नाही. बस आहे. सोमवारची बस पकडायची.

७ सप्टेंबर, सोमवार

बसचा टायर आणि ड्रायव्हर यांची अवस्था बघून हा आठवडा नको असं ठरवलं. गुरुवारी दुसरा ड्रायव्हर असतो.

१२ सप्टेंबर, शनिवार

गुरुवारी बस भरलेली होती. बहुधा. मी लांबून पाहिली.

मावसभावाने जागा दुसऱ्याला दिली. मामाने हे सांगितलं आणि मला उद्यापासून त्याच्या खाणीत बादल्यांवर बोलावलं. तसंच, जुन्या जागी.

गावात वेगळंच चालू आहे. मी विंच परत केला, क्लेम सोडला, मान खाली घालून फिरतो, कुणाशी बोलत नाही, जेवत नाही. त्यावरून सगळ्यांचं एकमत झालंय की झार्कोला जबरदस्त माल लागला. काल हाँगकाँगचा ओपल खरेदी करणारा लाउ मोटेलमधून चालत आमच्याकडे आला. दोन तास बसला. मी सांगितलं, काही नाही. तो आणखी आदराने हसला. आईने त्याला कोबीच्या पानात गुंडाळलेलं मटण वाढलं, त्याने तीनदा मागून घेतलं. नवी खोली बघून विचारलं, तिजोरीची का. जाताना चॉकलेटचा डबा ठेवून गेला.

माझ्या सोडलेल्या क्लेमवर आज नव्या चार खुंट्या. लाल दाढीवाला परत आलाय.

२० सप्टेंबर, रविवार. दुपारी १२.३०

नर्सच्या होस्टेलचा नंबर तिच्या वडिलांकडून घेतला. पोस्टाजवळच्या बूथवरून फोन केला. या वेळी कागद नेला नाही. मुद्दाम नेला नाही.

आधी कुणी दुसरी मुलगी होती, मग जिन्यावर पावलं वाजली, मग ती. मी नाव सांगितलं. ती म्हणाली, ओळखला आवाज. मी विचारलं, कशी आहेस. ती म्हणाली, खिडकीसमोर झाड आहे, कसलं ते ठाऊक नाही, सकाळी त्यात पक्षी भांडतात. क्लॅरीचं ऑपरेशन चांगलं झालं, तिला आता दोन्ही डोळ्यांनी डोळा मारतो. हे सांगताना ती थोडी हसली. मला वाटलं, आता.

मी सरळ बोललो. सगळं. त्या दिवशी जे बोललो ते तसं नव्हतं, मला ती आवडते, सातवीपासून आवडते, माझं सगळं तिच्यातच अडकलंय, मी उद्याची बस पकडतो. एकही शब्द दोनदा नाही. आयुष्यात एवढं स्वच्छ कधी बोललो नव्हतो.

 बूथच्या काचेवर माश्या. मग म्हणाली, "मी तुला विचारलं होतं, झार्को. तू सांगितलंस. मी ते ऐकून आले."

मी म्हणालो, पण ते उलटं होतं.

ती म्हणाली, "आता हेही उलटं नाही कशावरून? मी दर वेळी खणून बघत बसू का? मला नाही जमायचं." आवाज शांत होता, रागावलेला अजिबात नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, आईला नमस्कार सांग, तब्येतीला जप. आणि म्हणाली, पुन्हा फोन करू नकोस.

घरी आलो. नव्या खोलीतल्या ओट्यावर बसून तासभर विचार केला. प्रत्येक बाजूने करून पाहिला. तिच्या स्वभावाचा, आवाजाचा, दोन शब्दांमध्ये ती किती थांबली त्याचा.

पुन्हा फोन करू नकोस, याचा अर्थ पुन्हा फोन करू नकोस, असा आहे.

आई बटाटे आत आणून ठेवू का विचारतेय.